डोंगरी पलटणीचा कोट

४ मार्च, सोमवार

विसरलीस ना, वही? काल एवढं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, आणि पान उलटलं की तू पुन्हा कोरी! मी ब्याऐंशीची, पण मला आठवतं. म्हणून परत सांगते. बोलते मी, लिहिते सूनबाई. मला अक्षर येत नाही. बटण येतं.

सव्वीस वर्षं सैन्याचे कपडे शिवायच्या कारखान्यात काढली. आता मुलाचं खाली दुकान आहे — जुनी पदकं, टोप्या, पट्टे, कोट. हौशी लोक लांबून येतात. माल आधी तिसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे. मी चाचपून खरं-खोटं सांगते, मुलगा दाखला लिहितो, मी खाली अंगठा देते. त्या अंगठ्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात म्हणे.

खोलीला बाहेरून कुलूप. "आई, माल मोलाचा आहे." म्हटलं, मग मला कोणत्या यादीत घातलंस? हसला. कुलूप आहे तसंच.

६ मार्च

आज एक पदक आलं. फीत छान विटलेली. घडी उलगडली — आतही तेवढीच विटलेली! ऊन घडीच्या आत कसं शिरेल? चहात बुडवलीय, म्हटलं. नंतर एक लोकरी डगला, कसर लागलेला. भोकं लोकरीलाही, सुती अस्तरालाही, एकाखाली एक. कसर सूत खात नाही बाबा, ही भोकं किसणीची आहेत! मुलगा म्हणाला, "बरं, बरं." आणि दाखल्यावर अंगठा घेऊन गेला.

७ मार्च

गुडघा. बाकी काही नाही.

९ मार्च, शनिवार

सूनबाई केर काढत होती. टेबलावर दाखल्यांची नक्कल. म्हटलं, वाच गं, माझ्याबद्दल काय छान छान लिहिलंय ते ऐकू दे. तिने वाचलं. "फीत मूळची. अस्तर मूळचं. सर्व भाग अस्सल."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग खाली बसली.

तीन वर्षांत असे त्रेचाळीस दाखले. खोटं आहे म्हणून मी सांगायचं, आणि खरं आहे म्हणून माझ्याच अंगठ्याने छापायचं! सूनबाई म्हणते, "आई, हे लिहू?" लिही. तुझं नाव नको लिहू.

११ मार्च

कोट आला. हात लावताच ओळखला — डोंगरी पलटणीचा. काखेत दुहेरी शिवण, हात वर करून चढता यावं म्हणून. असे फक्त कारखान्यातल्या आमच्या रांगेत शिवले, एकच हिवाळा. मग लढाई संपली आणि कापडही. दुर्मिळ म्हणतात तो हा. कुणास ठाऊक, माझ्याच मशीनवरचा असेल. पाच मिनिटं मांडीवर घेऊन बसले.

मग आत बोट घातलं. गळ्याखाली शिपायाचा आकडा छापलेला. मला आकडा वाचता येत नाही, पण शाई येते. जुनी शाई कापडात मुरते, कडा पसरतात, मागून दिसते. ही वर बसलीय, पापुद्र्यासारखी. थुंकी लावून घासली, बोट काळं!

कोट खरा. आकडा परवाचा.

१२ मार्च

मुलाला विचारलं. लपवलं नाही त्याने. एक निवृत्त शिक्षिका आहे. तिचा भाऊ त्या पलटणीत होता, परतला नाही. ना माणूस, ना खबर. पन्नास वर्षं त्याची कुठलीही वस्तू शोधतेय. पत्रात भावाचा आकडा तिनेच लिहून पाठवला होता.

"आई, तिला कोट मिळाला की झोप तरी लागेल. यात कुणाचं वाईट होतंय?"

मी अंगठा देणार नाही, म्हटलं.

"त्रेचाळीस दाखल्यांवर तुझा अंगठा आहे. माझी सही एकावरही नाही. बघ बाई."

पोटच्या पोराने 'बघ बाई' म्हटलं. जाताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं त्याने.

१४ मार्च, गुरुवार

शिक्षिका वर आली. सत्तरीची, नीटनेटकी, चपला जोडून दारात ठेवणारी. मला म्हणाली, "ताई, तुम्ही पाहिलंत म्हणजे झालं." मुलगा मागे उभा.

तिने आकड्यावर बोट फिरवलं. मग कोटात तोंड खुपसलं. "त्याचाच वास येतोय." माझ्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता तो! सांगायला तोंड उघडलं. तिचं रडणं थांबेना.

अंगठा दिला.

१५ मार्च

आज काही सांगायचं नाही. सूनबाई, वही मीट.

१८ मार्च, सोमवार

पोलीस ठाण्यातून.

मुलगा माल आणायला बाहेरगावी गेला, आणि कुलूप उघडलं — कुणी ते लिहू नकोस. तीन जिने बसून, घसरत उतरले. इथे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सांगितले, वर तो चव्वेचाळिसावा. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, "आजी, हळू." म्हटलं, तू भरभर लिही.

शिक्षिकेला बोलावून घेतलं. कोट मांडीवर घेऊन समोर बसलीय. आकडा खोटा आहे, मी तोंडाने सांगितलं तिला. वाटलं, थोबाडीत देईल. तिने आकड्यावर पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे तो असेल कुठेतरी?"



ती हलत नाही, मीही हलणार नाही. सूनबाई, तू घरी जा. मऊ भात पाठव, दोघींचा. अंडी उकडून, मीठ वेगळं. आणि मुलगा संध्याकाळी परतेल, डबा त्याच्या हाती दे. त्यालाच आणू दे.