निखाऱ्यावर भाजायचं पुस्तक

८ नोव्हेंबर १९८१, रविवार

पुस्तकं आली! एक नाही, तीन. ताई मुंबईहून येताना पुण्याला कॅम्पातल्या दुकानात थांबून घेऊन आल्या. दुकानदार साहेबांच्या ओळखीचा. पंधरा दिवस ठेवा म्हणाला, एक पसंत करा, दोन परत द्या.

पुस्तकं कसली, तर जगभर निखाऱ्यावर मटण-मासे कसे भाजतात त्याची. आणि मागवली कुणी? ज्या माणसाच्या गळ्याला भोक पाडलंय आणि नाकात नळी आहे, त्यानं! हसावं की रडावं कळेना. ताईंना स्वयंपाकघरात गाठून विचारलं, हे काय हो? त्या म्हणाल्या, "बघू देत हो सारजाबाई. बापाचं मन रमतंय ना, मग झालं."

ताई सोडून गेल्या की बंगल्यात आम्ही दोघंच. रात्रीला राखणदार बहिरू.

९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कांजी. दुपारी डाळीचं पाणी. चारला दूध. सगळं फडक्यातून गाळायचं आणि पिचकारीनं नळीत सोडायचं. सहा वर्षं या घरात स्वयंपाक केला, आता माझा स्वयंपाक नाकातून जातो! उन्हाळ्यात साहेब मुंबईला दीड महिना गळ्याच्या कॅन्सरवर लाईट घेऊन आले, तेव्हापासून हे असंच. डॉक्टरांनी मला समोर उभं करून बजावलंय — तोंडानं काही नाही. थेंबभर पाणीसुद्धा नाही. श्वासनळीत गेलं की खेळ खलास.

कांजी झाल्यावर साहेबांनी पुस्तकांकडे बोट केलं. मी पानं उलटायची, त्यांनी बघायचं. बोलता येत नाही म्हणून मांडीवर पाटी. तीस वर्षं बोटीवर इंजिनियर होते, जगातली बंदरं पालथी घातलेली. दर पानाला लिहितात — "हे खाल्लं." "हे पण." "हे रात्रभर जमिनीत पुरून भाजतात." मी म्हटलं, साहेब, मला काय त्याचं, मला धुणं पडलंय. पाटीवर लिहिलं — "धुणं मरू दे."

चित्रं बघताना तोंडाला पाणी सुटतं आणि ते पाणीसुद्धा त्यांना गिळता येत नाही. चिकट लाळ हनुवटीवर येते. मी टॉवेलनं पुसते. ते मान फिरवतात. लाज वाटते बिचाऱ्यांना.

११ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं पुस्तक बाद. जाडजूड, रंगीत, अमेरिकेतलं. त्यात शेगडी म्हणजे बाबागाडीएवढी, चाकं लावलेली. साहेबांनी लिहिलं — "नुसता सॉस. मांस कुठंय?"

तिसरंही बाद. त्यात चित्रच नाही. मला बरंच वाटलं, इंग्रजी अक्षरं मला लावून लावून वाचावी लागतात. साहेबांनी लिहिलं, लिहिणारा घरात बसून लिहितोय.

राहिलं मधलं. त्यात देशादेशांप्रमाणे पानं आहेत. तुर्कस्तान, जपान, आणखी कुठलं कुठलं. पुढून-मागून सगळं चाळलं. जगभरचं म्हणे! आमची आई पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे आणून तसेच चुलीतल्या निखाऱ्यात टाकायची. कवच फुटल्याचा आवाज आला की आम्ही पोरं ताटल्या घेऊन तयार. ते काही कुणी पुस्तकात घातलेलं नाही. साहेबांना सांगितलं तर त्यांनी लिहिलं — "आणखी सांग." मग धुणं तसंच राहिलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

ताप. पाटी कोरी.

१४ नोव्हेंबर, शनिवार

ताप उतरला. साहेबांनी पाटी मागितली. मला वाटलं, पुस्तक मागतील. त्यांनी लिहिलं — "एक घास."

मला आधी उमगलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

मी पाटी घेतली आणि पुसून टाकली. ओल्या फडक्यानं, खसाखसा. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

ताई येऊन गेल्या. ओट्याशी उभ्या राहून रडल्या. डॉक्टर म्हणाले, संक्रांत बघतील का सांगता येत नाही. "त्यांना कळू देऊ नका हं. तुमच्या भरवशावर सोडलंय मी सगळं."

त्यांना कळू देऊ नका! ज्याला दुसऱ्यानं आंघोळ घालावी लागते त्याला हे कळत नसेल होय?

घासाचं ताईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे. सांगून टाकलं असतं तर माझ्या डोक्यावरचं उतरलं असतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

जीभ माझी सैल! दूध घालायला ज्ञानदेव आला आणि मी बोलून गेले. बंगल्याची जमीन मूळची त्याची, त्यामुळे इथल्या गवताच्या काडीवरही त्याचा हक्क. ऐकून त्यानं चरवी खालीच ठेवली.

"सारजे, येडी का खुळी तू? म्हाताऱ्याला कायबी झालं तर समदी म्हन्त्याल, हिनंच घातलं. आदी तुझी जात इचारतील, मंग तुझं नाव."

"साहेबच मागत्यात."

"मागंनात! त्यांना बोलाया येतंय का? साक्ष कोन देनार, ती पाटी? मी वाईटाला न्हाई सांगत."

सहा वर्षांत हा माणूस माझ्या हातचा चहा प्यायलेला नाही. पण आज खोटं बोलला नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

"एक घास." पुसली. "एक घास." पुसली. तिसऱ्यांदा साहेबांनी पाटीच भिरकावली. कोपरा उडाला.

मीही बोलले मग. म्हटलं, तुम्ही सुटाल हो, मी कुठं जाऊ? पोलीस आले तर माझ्या बाजूनं कोण उभं राहणार?  त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर तसेच. नळीतून दूध सोडलं तेव्हाही वळले नाहीत.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं आणि एका पानावर हात ठेवून माझी वाट बघत बसले. पोर्तुगाल. रस्त्याच्या कडेला एक बाई लोखंडी जाळीवर मासे भाजतेय, डोक्याला रुमाल, माझ्याच वयाची. पाटीवर लिहिलं — "निखारा, जाडं मीठ, लिंबू. बास. मासा मऊ असतो. चावून थुंकेन. गिळणार नाही."

म्हणजे दहा दिवस हा माणूस पुस्तक निवडतच नव्हता. घास निवडत होता! कुठला घास तोंडात विरघळेल, कुठल्या घासाला सारजाबाई तयार होईल. आणि मी आपली धुण्याची कटकट करतेय.

मला भडभडून आलं. हो म्हटलं.

पण मग एक गोष्ट केली, ती इथं लिहिते. म्हटलं, साहेब, पाटीवरचं पुसतं. कागदावर द्या. त्यांनी कागद घेतला. लिहिलं — हा घास मी स्वतःच्या मर्जीनं मागून घेतला, सारजाबाईंनी नको म्हटलं होतं. खाली सही, तारीख. आधीचं "बाईनं" खोडून "बाईंनी" केलं, तेही बघितलं मी.

मरायला टेकलेल्या माणसाकडून मी कागद लिहून घेतला.  तरी घडी घालून नीट ठेवलाय.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊ वाल्मीकला तलावावर पिटाळलं होतं. हातभर लांब मरळ मासा घेऊन आला. "अक्का, ह्यो कुनाला? साहेब तर खात न्हाईत."

"मला."

"येकटीला येवढा?"

"व्हय, येकटीला. जा आता."

कशात तरी मन लागेल म्हणून दोन बाद पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली. रविवारी ताई परत नेतील.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. दिला.

दुपारी ज्ञानदेव शेताकडे गेल्याचं बघितलं आणि मगच शेगडी पडवीत आणली, साहेबांच्या खिडकीखाली. माशाचे बोटाएवढे तुकडे करून जाळीवर ठेवले. एवढ्यात फाटक वाजलं! शेगडी तशीच उचलून मोरीत नेली, हाताला चटका बसला. वाऱ्यानं वाजलं होतं. परत आणली. माझं सगळं लक्ष फाटकाकडे, तुकडा उलटताना निम्मा निखाऱ्यात गेला. करपतोय का कच्चा राहतोय काही सुधरेना. दोनदा आत जाऊन बघितलं, साहेब उशीला टेकून ताठ बसलेले. केस विंचरले होते. स्वतःच.

काटे तीन-तीनदा चाचपले. नखाएवढा तुकडा. लिंबाचा थेंब. त्यांनी तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं. मी घातला आणि हनुवटीखाली वाडगा धरला.

डोळे मिटून चावत राहिले. किती वेळ! मी म्हणतेय, थुंका साहेब, आता थुंका. ते चावतायत. मग ठसका लागला. गळ्याच्या भोकातून शिट्टी वाजायला लागली, तोंड काळंनिळं झालं, माझा हात पकडला तो सुटेना. मी पाठ चोळतेय, भोकाशी आलेलं फडक्यानं टिपतेय, तोंडानं काय बडबडतेय मलाच ठाऊक नाही. तो कागद मात्र आठवला. त्या वेळीही आठवला!

थुंकले एकदाचे. श्वास आला. कपाळावर घाम, डोळ्यांतून पाणी, आणि हात पाटीसाठी पुढे. त्यांनी लिहिलं —

"मीठ अगदी बरोबर. सहा वर्षांत पहिल्यांदा."

मिठावरून या माणसानं मला काय काय नाही ऐकवलं. ताट सरकवलंय, आमटीची वाटी परत पाठवलीये. पाहुण्यांदेखत म्हणालेत, सारजाबाईंना समुद्र दाखवा. आज म्हणतात बरोबर! मी हसले, मग तिथंच फरशीवर बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सहा वर्षांत तेही पहिल्यांदा.

मधलं पुस्तक ठेवून घ्यायचं ठरलं. माझ्या पोटात आज अन्न गेलं नाही, पण जीव हलका वाटतोय.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कालचा उरलेला मासा सकाळी भाकरीबरोबर खाल्ला. अळणी. दुसरा तुकडा मोडून बघितला, तोही अळणी. मीठ घालायचंच राहिलं होतं. पडवीच्या कठड्यावर मिठाची वाटी तशीच काठोकाठ भरलेली.