दीपकने मारलेली मगर अजून जिवंत आहे

डाळज,
मंगळवार

तीर्थरूप विजयसिंह मामांना राजलक्ष्मीचा नमस्कार.

कंबर कशी आहे? पट्टा वापरता की तो कपाटातच आहे, हे मी मामींना वेगळे विचारीन. इकडे सगळे बरे आहेत. तुमचा भाचा दीपक जरा जास्तच बरा आहे, आणि पत्र त्याच्याबद्दलच आहे. आधी घडले ते क्रमाने देते, म्हणजे पुढे मी भरकटले तरी तुम्ही भरकटणार नाही.

१. उजनी धरणाच्या फुगवट्यात मगर आल्याची आवई उठली.
२. दीपकने ती पहारीने मारली.
३. ती मगर नव्हती.
४. दीपकचा सत्कार झाला आणि लग्न ठरले.
५. आता खरी मगर आली आहे.
६. तिच्यावर दीपकचा विश्वास नाही.

आता सविस्तर. आमची कंपनी धरणातला गाळ मोजते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी एक छोटी होडी असते, हिरवट, चपटी, बिनमाणसाची. खाली खोली मोजणारे यंत्र, पुढे कॅमेरा. ती आपली आपण सरळ रेषेत जाते आणि वळून परत येते. मी काठावर लिंबाखाली स्क्रीन घेऊन बसते. गावाला आधी कळवावे म्हणून मी देवळाच्या भोंग्यावरून रीतसर सूचना दिली होती. (बोलून झाल्यावर समजले की लाईट गेलेली होती.) त्यामुळे गोजरबाईंना गोधड्या धुताना पाण्यावर एक हिरवी पाठ सरकताना दिसली, आणि त्याच दिवशी त्यांची शेळी सापडेना. शेळी दुसऱ्या दिवशी शेजारच्या उसात सापडली. पण तोवर सगळे गाव भेटून गेले होते, म्हणून गोजरबाई आजही म्हणतात, "ही न्हवं, ती येगळी हुती."

उन्हाळ्यात इथे पाणी मागे हटते, आणि प्रत्येकाला आपली मोटर आणि पाइप त्याच्यामागे सरकवावे लागतात. छातीभर पाण्यात उभे राहून पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह पुढे न्यायचा असतो. मगरीच्या भीतीने कोणी पाण्यात उतरेना. ऊस माना टाकू लागला. शेवटी बाबांनी दीपकला ढकलले. तो हातात पहार घेऊन उतरला, आणि माझी होडी नेमकी त्याच रेषेत परत येत होती. कॅमेऱ्यातली शेवटची दृश्ये माझ्याकडे आहेत. त्यांत दीपकचा उघडा जबडा आहे, "आयो!" असा आवाज आहे, मग पहार आहे, मग पाणी आहे. लोकांना काठावरून एवढेच दिसले की हिरवी पाठ उसळली, बुडाली आणि दीपक उभा राहिला. कुणीतरी ओरडून विचारले, "मेली का रं?" तोवर दीपकच्या पायाला खाली होडीचा पंखा लागला होता. तो म्हणाला, "व्हय."

न्यायाने सांगायचे तर त्याचे खोटे एवढेच, एका शब्दाचे. बाकीचे लोकांनी घातले. मढे कुठे आहे, या प्रश्नावर "वाहून गेलं" हे उत्तरसुद्धा दुसऱ्यानेच दिले. (फुगवट्यात या दिवसांत पाण्याला ओढ नसते. हे मी मांडून दाखवू शकले असते. कोणी विचारले नाही.) अंधार पडायच्या आत दीपकने खताच्या गोणीतून माझी होडी आणली, दारात ठेवली आणि म्हणाला, "आक्के, ही घे तुजी मगर. पाया पडतो, बोलू नगंस." मी बोलले नाही. कंपनीला कळवले की होडी एका अडथळ्यावर आदळली. यात एकही अक्षर चूक नाही.

मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली. भिगवणच्या हॉटेलात चहाचे पैसे घेईनात. कोऱ्हाळ्याहून पोरे फोटो काढायला येऊ लागली. मगर आधी सात फुटांची होती, ती भिगवणला पोचेपर्यंत चौदा फुटांची झाली. (होडी सव्वा मीटर आहे.) आणि पणदऱ्याचे सर्जेराव, ज्यांनी "पोरगं बुजरं हाय" म्हणून दीपकला दोनदा नकार दिला होता, ते स्वतः मुलीचा विचार घेऊन आले. मनिषा आणि दीपक यांचे कॉलेजपासून ठरलेलेच होते. सर्जेराव तेवढे मगरीमुळे ठरले.

तेव्हापासून गावातल्या सगळ्या मोटरी दीपक एकटा सरकवतो. बाकीचे काठावरून सल्ला देतात. तो निर्धास्त असतो, कारण पाण्यात काही नव्हतेच, हे त्या सगळ्यांत त्यालाच नक्की ठाऊक आहे.

आणि काल दुरुस्त होडीच्या कॅमेऱ्यात (आता तिला भगवा रंग दिला आहे) बुडीत बाभळींच्या खोडांपलीकडे, उघड्या पडलेल्या गाळावर, मगर दिसली. ऊन खात होती. शेजारच्या खोडावरून माप काढले. सव्वादोन मीटर, वीतभर इकडेतिकडे. मी ते चित्र दीपकला दाखवले. तो म्हणाला, "आक्के, खोड हाय ते." मी म्हटले, खोडाला दात नसतात. तर म्हणाला, "अगं, हितं मगर कवाच नव्हती, मला इचार की!" आणि लगेच बाहेर जाऊन पाहुण्यांना ती कशी मारली ते सांगू लागला. बाबांना दाखवले. ते म्हणाले, "ती मेली न्हवं? भावाचं नाव झालेलं बघवंना व्हय तुला?"

रविवारी सगळ्या मोटरी त्याच खोडांपर्यंत न्यायच्या आहेत. दीपक एकटा उतरणार आहे.

वनखात्याच्या कचेरीत मी सरळ फोन का करत नाही, असे तुम्ही विचाराल. केला, तर पहिला प्रश्न असेल की आधीची कोणी मारली. मगर मारणे गुन्हा आहे, हे गावाला माहीत नाही. सगळे गाव हौसेने साक्ष देईल. जे त्या दिवशी बारामतीला होते तेही देतील. दीपक निर्दोष असल्याचा पुरावा म्हणजे तो "आयो!"वाला व्हिडिओ, आणि तो सर्जेरावांनी पाहिला तर लग्न मोडेल. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही वनखात्यात असलात तरी रोपवाटिकेत आहात, मगरींचे तुमच्याकडे काही नसते, हे मान्य. पण पिंजरा आणि जाणकार माणसे कोणाला सांगून येतात, हे तुम्हाला माहीत असेल. ती शनिवारी गाजावाजा न करता आली, तर दीपकचा जीव वाचेल.

मामींना नमस्कार. कळावे.

आपली भाची,
राजलक्ष्मी

ता. क. : मनिषाला सगळे माहीत आहे. व्हिडिओ मी तिला दाखवला. ती हसता हसता खाली बसली. मग म्हणाली, "मारली न्हाय तरी चालंल, आक्का. पन ह्याला जिता ठेवा." व्हिडिओ तिने स्वतःच्या फोनवर घेतला आहे. लग्नानंतर उपयोगी पडेल म्हणते.

आणखी एक. खरे तर हेच आधी लिहायला हवे होते. आज सकाळी दीपक मधल्या मोटरीसाठी पाण्यात निघाला होता. मला दुसरे काही सुचेना, म्हणून मी काठावर सर्वांसमोर म्हटले की माझे मामा वनखात्यात आहेत, त्यांनी कृष्णेतून मगर काढली आहे, आणि ते येईपर्यंत कोणीही पाण्यात उतरायचे नाही असा त्यांचा निरोप आहे. एवढेच बोलले. दीपक थांबला. दुपारपर्यंत मगरी तीन झाल्या होत्या. आता पत्र लिहिताना ऐकू येते आहे की त्यांतल्या एकीवर तुम्ही बसून पलीकडच्या काठाला गेलात. सर्जेराव म्हणतात, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. रविवारी सकाळी तुम्ही आधी पाण्यात उतरणार आणि मग दीपक, असे गावाने ठरवले आहे. नुसती पिंजऱ्याची माणसे आली आणि तुम्ही आला नाहीत, तर दीपक "मामाबी माज्यासारखंच" असे समजून एकटा उतरेल.

तरी शनिवारी माणसे घेऊन स्वतः यावे. येता की नाही, एवढेच शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा.