डोळे दाखवायची तारीख

वडगाव, बेळगाव
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
ऋतिकाचा पाया पडून नमस्कार.

काकतीत सगळी बरी असतील. थंडीत तुमचे गुडघे धरतात, तेल लावता की नाही? फोन केला की धाकटे मामंजी उचलतात आणि "वैनी शेतात गेल्यात" म्हणतात. म्हणून पत्र लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुमचं तुम्हाला वाचता येईल, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका.

ह्यांची उद्यमबागेतली नोकरी तशीच चालू आहे, एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. शेजारणी तुमच्याबद्दल विचारतात, सासूबाई कधी येणार गावाकडनं? मी सांगते, सुगी झाली की येतील. गेल्या सुगीतही हेच सांगितलं होतं.

वेदू चौदा महिन्यांची झाली. वजन सहा किलो शंभर. गेल्या महिन्यात सहा किलो दोनशे होतं, मधे खोकला झाला त्यात उतरलं. मान धरते, पण बसवली की एका बाजूला कलंडते. पाय ताठ करते, मग लंगोट बदलायलाही दोघं लागतात. नाचणीची खीर पातळ करून अजून बोंडल्यानंच पाजते. एका वाटीला तास जातो आणि पुष्कळदा शेवटच्या घोटाला सगळं बाहेर येतं. सोमवारी आणि गुरुवारी व्यायामाला नेते. तिथली बाई म्हणते, करत राहा. काय होईल ते ती सांगत नाही, मीही विचारत नाही. शेजारच्या सूरजची मुलगी हिच्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे. ती कठडा धरून उभी राहते. मी हल्ली कपडे आतच वाळत घालते.

कान मात्र चांगले आहेत. खालच्या घरातले माग सुरू झाले की रडायची थांबते. लाइट जाऊन माग बंद पडले की दचकते.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. बेंगळूरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते तुमच्या कानावर आलंच असेल. त्याचा उपयोग झाला नाही. निदान डाव्याचं तरी करावं का, हे विचारायचं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "इन्न एनू माडाक आगूदिल्ल." आता काही करता येणार नाही. ह्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी मराठीतनं विचारत राहिले, "पण उजेड-अंधार तरी कळंल न्हवं?" डॉक्टर नाही म्हणाले.

येताना गाडीवर हे एकच वाक्य बोलले. "आईनं तवा अडवलं नसतं तर." दहा महिने झाले, आत्या, ते हेच बोलतात आणि मी ऐकून घेते. त्या दिवशीही ऐकून घेतलं.

इथपर्यंत लिहून उठले होते. वेदूला पाजलं, भांडी घासली, पाणी भरलं. आता उठायला काही कारण उरलं नाही.

अपुऱ्या दिवसांची म्हणून वेदूला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिथं तिचे डोळे पहिल्यांदा तपासले तेव्हा मी शेजारी उभी होते. तुम्हाला आत सोडलं नव्हतं. एवढ्याशा पापण्या तारेच्या चिमट्यानं फाकवून धरतात. ती आधी ओरडली, मग ओरडायची थांबली आणि निळी पडली. श्वासच बंद. नर्सनं तळव्यांना टिचक्या मारल्या, तेव्हा कुठं परत श्वास घेतला. त्यांना ते रोजचंच होतं. बाहेर येऊन मी तुम्हाला हे सांगितलं नाही.

पन्नास दिवसांनी घरी सोडलं तेव्हा कार्डावर लिहून दिलं होतं, सहा फेब्रुवारीला डोळे दाखवायचे, चुकवायचं नाही. मी ते वाचलं होतं. पण घरी आल्यावर ती दूध प्यायला लागली होती. वजन रोज थोडं थोडं वाढत होतं. मला वाटलं, पंधरा दिवस तरी हिला कुणी हात लावू नये.

सहा तारखेला सकाळी तुम्ही टोपडं आणि शाल काढून ठेवली होती. "रिक्षा बोलवू काय गं?" म्हणालात. मी म्हणाले, "दवाखान्यातनं फोन आलता. डॉक्टर न्हाईत, पुढची तारीख देणार हाईत." तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग म्हणालात, "बरं झालं म्हण. भाईर लई थंडी हाय."

तुम्ही बोललात ते एवढंच.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "थंडीत नको म्हणाल्या आत्या." पुढच्या आठवड्यात परत विचारलं, तर मी म्हणाले, "आत्या म्हणतात, जरा बाळसं धरू दे." हे म्हणाले, "आईला कळतंय त्यातलं." पुढची तारीख मी कधी मागितलीच नाही.

मार्च संपताना ह्यांना तिच्या बुबुळात पांढरं दिसलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचे आतले पडदे सुटलेत, वेळेवर आणलं असतं तर बहुतेक वाचले असते. घरी आल्या आल्या हे तुमच्यावर ओरडले, "माझ्या पोरीचे डोळे तू घालवलंस." मी पाळण्याची दोरी धरून उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी पिशवी भरून काकतीला गेलात. मी तुम्हाला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

काल मी ह्यांना सगळं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. चप्पल घातली, गाडी काढली आणि गेले. तासाभरानं परत आले. म्हणाले, "हायवेवरनं गावात वळायच्या जागी थांबलो. पुढं जाववंना. काय तोंड दाखवू आईला?" त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद आहे. वेदूला माझ्याकडनं घेतात, पाजतात आणि माझ्याकडं न बघता परत देतात. आज सकाळी तेवढं एक विचारलं, "आई तवा गप का बसली?"

 तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आत्या. त्या दिवशी सकाळपासनं माझा फोन तुमच्याच हातात होता, तुम्ही गावाकडं बोलत होता. दवाखान्याचा फोन आलाच नव्हता, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? मला वाचवायला गप्प बसलात की मुलाचा संसार मोडू नये म्हणून, हे मी मलाच रोज विचारते. तुम्ही त्या दिवशी खरं बोलला असता, तर मी आयुष्यभर तुमचा राग केला असता. आता तेवढंही करता येत नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही. तुम्ही माफ केलंत तरी वेदूला दिसणार नाही. परत या, असंही म्हणत नाही. हे तुमच्याकडं येतील असं वाटत नाही आणि मी त्यांना जा म्हणू शकत नाही. तुमच्यावर आळ आला तो दोष माझा होता, एवढं माझ्या हातानं लिहिलेलं तुमच्याजवळ असावं, म्हणून हे पत्र.

गुडघ्यांना जपा.

तुमच्या नातीची आई,
ऋतिका