दानाची गाजरं

ओयदिन पोरी,

"गाजरं उपटायला महिना राहिला की युरियाचं पोतं बांधून ठेवायचं," असं माझ्या सासूबाई बजावायच्या. तुझ्या सासऱ्यांनी गेल्याच आठवड्यात पुन्हा युरिया टाकला. काल मर्गिलानच्या बाजारात तपासणीत नायट्रेट फार निघालं आणि गाजरं परत आली. तान्ही बाळं त्याने निळी पडतात. तरी यांनी ती पाळणाघरात देऊन टाकली. "तुझे रोजे सुटले, त्यांच्याच बदल्याचं दान गं, दान कोण तपासतं?" असं मला म्हणून हसले. त्यांच्यापुढे माझा आवाजच फुटत नाही.

आपल्या बाळाला घरी उरलेल्या गाजरांचा रस देऊ नकोस. आमची गाजरं लेकरांना बाधणार नाहीत, असा शब्द मी मागेच पाळणाघरात स्वयंपाक करणाऱ्या मुकद्दमआपांना दिला आहे. त्यांनी चूल पेटवण्याआधी पोचायला हवं. यांना उठवू नकोस, मी मागच्या दाराने निघाले.

— आई