पुलावरचे माझे टोक

मी, शिमोगाकी तोमोयासु, वय एकोणपन्नास, धंदा तातामीच्या चटया शिवण्याचा, राहणार इवामीच्या डोंगरातले किताबारा गाव, आज सकाळी घरातल्या अमिदा बुद्धासमोर उदबत्ती लावून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. ते मधूनच एखादा ठोका गाळते आणि मग चुकलेली गाडी पकडायला निघाल्यासारखे धावत सुटते. येत्या मंगळवारी डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून त्याला वळण लावणार आहेत. "शिमोगाकीसान, तोवर उत्साह जरा आवरा," असे त्यांनी बजावले. मी बरे म्हणून घरी आलो, तर टपालात ‘भेटीचा पूल’वाल्यांचे पत्र! आता उत्साह आवरायचा कसा?

मरणाची मला फारशी धास्ती नाही. अमिदाचे नाव मी आजोबांच्या मांडीवर बसून शिकलो. सुई ओढताना ते आपोआप ओठांवर येते. न्यायचे तेव्हा तो नेईल. फक्त फेब्रुवारीच्या आधी येऊ नये, एवढीच विनंती. आलाच, तर मागे घोटाळा नको, म्हणून पुढील व्यवस्था.

कलम १. राहते घर, मागचे लाकडी कामघर, पोस्टातली ठेव आणि छोटा मालट्रक हे सर्व माझी पत्नी नोरिए हिचे. ट्रकचा दुसरा गिअर पहिल्यापासून अडतो, त्याला शिव्या न देता थोडे थांबावे. कामघराच्या उत्तरेकडच्या पन्हळीत दर शरद ऋतूत पाने अडकतात, ती काढावीत. "मेल्यावरसुद्धा कामं सांगणार का?" असे ती खांद्यावरून वाचून आत्ताच म्हणाली. होय, सांगणार.

कलम २. सुया, दोरा ओढायचे चामडे, मापपट्ट्या आणि लव्हाळ्याच्या उरलेल्या जुड्या माझी मुलगी चिहाया हिच्या. ती माझ्यापेक्षा सरळ टाका घालते. हे तिला मी तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो. मात्र वडिलांची रुंद पात्याची सुरी माझा थोरला भाऊ शिमोगाकी हिदेओमी याला द्यावी. थोरला म्हणून ती त्याचीच होती. घर सोडताना तो ती फळीवर ठेवून गेला. तो हिरोशिमाला असतो आणि लोकांच्या घरातल्या चटया उचलून तिथे लाकडी जमीन बसवतो. चटया शिवणाऱ्याचा मुलगा फळ्या ठोकतो! असो. मी दर महिन्याला सुरीला तेल लावतो. पाते त्याच्या जिभेइतकेच धारदार आहे.

कलम ३. माझी खरी मालमत्ता आता येते.

तरुणांसाठी सांगतो. दर रविवारी दुपारी आमच्या भागात शेतातली माणसेसुद्धा टीव्हीसमोर असत, कारण तेव्हा ‘भेटीचा पूल’ लागे. स्टुडिओत पाण्याचा हौद, त्यात कापडाची कमळे आणि एक खराखुरा म्हातारा लाल मासा. एका काठावर तांबडा खांब, दुसऱ्यावर पांढरा. मधोमध दोन दोऱ्यांची पितळी घंटा, दोघांनी एकदम ओढली तरच वाजणारी. जोडीतला एक या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी. पडद्याआडून एक आवाज येई: कोणी तांदूळ धुते आहे, कोणी छत्री मिटते आहे. तो कशाचा, ते वाळूचे घड्याळ संपायच्या आत सांगायचे. बरोबर आले, की काळ्या कपड्यांतली माणसे तुमच्यापुढे देवदाराची एक फळी टाकत. चुकले, तर फळी जाई जोडीदाराच्या पायाखालची! माझ्या चुकीने तू बुडणार आणि तुझ्या चुकीने मी. आपसात अवाक्षर बोलायचे नाही. किती लग्ने त्या हौदात बुडाली आणि किती जमली, ते त्या माशालाच ठाऊक.

आणि सगळ्यांत कठीण नियम: पुलावर वाकायचे नाही. वाकणे म्हणजे हार. कमरेत जराशी घडी पडली, की ढोल वाजे आणि तुमचीच फळी जाई. आम्ही फोनवरसुद्धा वाकणारी माणसे! निवेदक कुरामोचीसान राखाडी अंगरखा घालून, पंखा मिटून, ऐन वेळी इतक्या मायेने म्हणायचे, "लांबून आलात, फार कष्ट पडले असतील," आणि स्वतः खोल वाकायचे. समोरचा शाळामास्तर असो की पोलीस, तोही वाकायचा. धडाम! ढोल. पाणी. घराघरात हसून पोटे दुखत.

आमची निवड झाल्याचे कळल्यावर मी आणि दादा महिनाभर तयारी करत होतो. चटई मोजायची लाकडी पट्टी एकमेकांच्या पाठीला बांधली. आई सकाळी मुद्दाम वाकून म्हणे, "उठलात का, साहेब?" आणि आम्ही खांबासारखे उभे. शेजारचा मासेवाला माकिनो म्हणे, "शिमोगाकीच्या पोरांना काय झालं? काठी गिळली की काय?"

त्या दिवशी मी तांबड्या खांबाशी, दादा पांढऱ्या. एकामागून एक फळ्या पडत गेल्या. कुरामोचीसान तीनदा वाकले, आम्ही ढिम्म. शेवटी घंटेखालची एकच फळी उरली. बक्षीस होते उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्राची सहल. आम्ही ती आईला देणार होतो. प्रश्न दादाचा. पडद्याआडून आवाज आला: सर्र... थप. सर्र... थप. दोरा ओढून कोपराने चटई दाबल्याचा! आमच्या घरचा, जन्मापासूनचा आवाज! दादाने तोंड उघडले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत आई उभी राहिली. कुरामोचीसानांना कमरेत वाकून म्हणाली, "माफ करा हो. हे तर आमच्या घरचंच काम. मुलांना फुकटात मिळेल. दुसरं काहीतरी विचारा."

चारचौघांत आई माफी मागत वाकलेली असताना मुलांनी ताठ उभे राहायचे, हे आमच्या हाडांतच नाही. आम्ही दोघेही वाकलो. ढोल एकदाच वाजला.

कुरामोचीसानांच्या हातून पंखा गळून पडला. "आईसाहेब," ते हसू आवरत म्हणाले, "वाकले तिघं, पण पुलावर दोघंच होते. आणि दोघं एकाच ठोक्याला! डाव ठेवीत!"

ठेवीतला डाव म्हणजे ना हार ना जीत. तो त्या दोघांच्या नावे राहतो. पुढे बोलावणे आले, की त्याच फळीपासून सुरू. दोघांपैकी कोणी नसेल, तर त्याचे टोक त्याने मृत्युपत्रात लिहिलेल्या माणसाकडे जाते. असा नियमच आहे, आणि मी मुख्यतः त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

परतीच्या बसमध्ये दादा म्हणाला, "आधी तू वाकलास. तुझं डोकं खाली गेलेलं दिसलं, म्हणून माझं गेलं."

"माझं तुझ्यामुळे गेलं!"

मध्ये बसून आई संत्रे सोलत होती. "मानेवर डोकी शाबूत आहेत ना दोघांची? मग गप्प बसा. फुकटचा बर्फ बघून काय करायचंय मला?"

वाहिनीने चित्रफीत पाठवली. आम्ही ती झिजेपर्यंत पाहिली, पण नेमक्या त्या क्षणी कॅमेरा आईवर आहे. गावात दोन तट पडले. वरची आळी दादाच्या बाजूने, खालची माझ्या. तेव्हा ती गंमत होती. पुढे आई गेली. तिच्या सातव्या वर्षश्राद्धाला जेवताना कोणीतरी तो विषय पुन्हा काढला. दादाने हिरोशिमाला जायचे त्याच दिवशी जाहीर केले होते. शब्दाला शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, "गवतावर वाकून जन्म काढणाऱ्यानं मला सांगू नये, आधी कोण वाकलं ते." सुरी फळीवर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून नववर्षाचे छापील कार्ड येते, छापीलच जाते.

तरी, पूर्ण शुद्धीवर असल्याचे वर लिहिलेच आहे, त्याला स्मरून लिहितो: मी आधी वाकलो नाही.

आता ‘भेटीचा पूल’चा अखेरचा भाग फेब्रुवारीत होणार आहे, आणि ठेवीतल्या सगळ्या डावांना बोलावणे आले आहे! तोच हौद, तीच घंटा. मासा तो नसेल, त्याचा नातू आहे म्हणतात. पण महिनाअखेरपर्यंत दोन्ही टोकांचा होकार पोचला पाहिजे. एकच आला, तर डाव कायमचा बुडाला. माझा होकार मी त्याच दिवशी टपालात टाकला. दादाचे काही कळत नाही. चिहायाने हिरोशिमाला फोन करून माझे मंगळवारचे सांगितले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पत्र आलंय गं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि आंघोळीला गेले. त्यानंतर एक शब्द नाही."

कलम ४. मंगळवारी माझे काही बरेवाईट झाल्यास तांबड्या खांबाकडचे माझे टोक चिहायाला मिळावे. "बाबा, मला घर नको, ट्रक नको, पण हे नक्की लिहा," असे तिने बजावले आहे. तिला सूचना: पाठीला पट्टी आजपासून बांधावी. नजर निवेदकाच्या पंख्यावर ठेवू नये, घंटेवर ठेवावी. आजीचा फोटो पहिल्या रांगेत ठेवावा, पण त्याच्याकडे पाहू नये. पांढऱ्या खांबाशी कोणी आले नाही, तर काकाला दोष देऊ नये. वाट पाहणे एवढेच आपल्या हाती असते.

दादा, हे तुझ्यापर्यंत पोचले, तर एवढे समज, की मला जिंकायचे नाही. ती एक फळी पडावी आणि आपण दोघांनी मिळून घंटा ओढावी, बस. मधल्या फळीची जागा रिकामी ठेवून जाणे मला जड वाटते.

कलम ५. मासेवाला माकिनो इतकी वर्षे मला पाहिले की दुकानात ताठ उभा राहून "वाकू नका!" असे ओरडत आला आहे. त्याला कोपऱ्यातली काळी छत्री द्यावी. माझ्या अस्थी जोएन मंदिरात आईजवळ ठेवाव्यात. जेवणात मोहरी घातलेले वांग्याचे लोणचे असावे. रडणे ऐच्छिक.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीसाठी मंदिराचे र्योजुन गुरुजी आणि माकिनो आले. गुरुजींनी सगळे वाचले, कलम ३ वाचताना डोळे पुसले, आणि म्हणाले, "एक अडचण आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळता कामा नये. छत्रीसुद्धा."

माकिनोने क्षणभर विचार केला. "मग मला छत्री."

"अरे, शेजारधर्म म्हणून तरी..."

"गुरुजी, ती माझीच आहे! सहा पावसाळे झाले यानं नेऊन."

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा, यावर बोलणे चालले असताना दार सरकले. उंबऱ्यापलीकडे दादा उभा होता. केस पांढरे, हातात बॅग.

इतक्या वर्षांनी घरी आलेला माणूस आमच्याकडे दारातच खोल वाकतो. त्याशिवाय पाऊल आत पडत नाही. नोरिए गुडघ्यांवर बसून चटईला कपाळ लागेपर्यंत वाकली. गुरुजी वाकले. माकिनोसुद्धा वाकला. दादा ताठ. मान नाही, खांदा नाही, काही म्हणजे काही हलले नाही. माझ्या कानशिलांत रक्त चढले. मरायला टेकलेल्या भावाच्या दारातही हा वाकत नाही! नोरिए घाबरून माझ्या छातीकडे पाहू लागली.

मग मला त्याच्या कॉलरमागे काहीतरी दिसले. लाकडी मापपट्टीचे टोक.

हृदयाने एक ठोका गाळला, पण हा वेगळा होता. मी उठलो, पाठ सरळ केली, आणि त्याच्यासमोर खांबासारखा उभा राहिलो. मीही वाकलो नाही.

"दादा."

"काय."

"वहिनी बऱ्या आहेत?"

"पत्र आल्यापासून रोज सकाळी मला वाकून नमस्कार घालते," दादा म्हणाला. "मी वाकलो, की चहा नाही. पहिले आठ दिवस चहाशिवाय गेले."

चिहाया हसता हसता खालीच बसली. "काका, मग फोनवर सांगायचं ना!"

"होकार टपालात टाकला होता. तेवढं पुरे नाही का? आणि तुझ्या बापाला मंगळवारी रुग्णालयात कोण नेणार? तो ट्रक, दुसरा गिअर अडणारा?" मग तो माझ्याकडे वळला. "कागद दाखव. माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस बघू."

त्याने उभ्यानेच सगळे वाचले. कलम ३ दोनदा वाचले. मग म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी."

"तुम्हाला सुरी मिळते आहे ना," गुरुजी म्हणाले. "चालणार नाही."

"मग सुरी आत्ताच दे. जिवंत माणसाच्या हातून."

सुरी मी फळीवरून काढली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. अशी वस्तू घेताना वाकतातच. आम्ही दोघे दात आवळून उभे राहिलो. म्हणून कलम २ मधला सुरीबद्दलचा मजकूर रद्द समजावा. बाकी सर्व कायम, आणि मंगळवारनंतर मी घरी आलो, तर कलम ४ सुद्धा तूर्त बासनात.

स्थळ: किताबारा, कामघरातली चटई. दिनांक: ५ नोव्हेंबर.

लिहून ठेवणार: शिमोगाकी तोमोयासु (सही व शिक्का)

साक्षीदार १: र्योजुन, जोएन मंदिर. वरील सर्व माझ्यासमक्ष लिहिले व वाचले. नमू अमिदा बुत्सू.

साक्षीदार २: शिमोगाकी हिदेओमी, हिरोशिमा. वरील सर्व खरे आहे, फक्त कलम ३ मधले "मी आधी वाकलो नाही" हे वाक्य सोडून. ते साफ खोटे आहे. त्याचा निकाल फेब्रुवारीत, पांढऱ्या खांबाशी.