तिसऱ्या पाळीतलं सक्रिय श्रवण

२ मार्च, सोमवार

संचालकांनी बोलावलं. सहा महिन्यांत डायलिसिस विभागातून पाच माणसं गेली म्हणाले. मी म्हटलं, टाकाऊ होती. त्यांनी विचारलं, पाचही? मी म्हटलं, पाचही.

आता दोनच टेक्निशियन उरलेत. त्यातलं एक जरी गेलं तर संध्याकाळची तिसरी पाळी बंद, आणि विभागप्रमुख म्हणून माझाही विचार करावा लागेल. हे बोलताना ते खिडकीकडे बघत होते.

मला ट्रेनिंगला पाठवतायत. विषय : माणूसकेंद्री नेतृत्व. मला! बारा वर्षं माणसंच हाकतोय.

५ मार्च

ट्रेनिंग. ट्रेनर माझ्या धाकट्या मेव्हण्याहून लहान. पायात मोजे नाहीत. दिवसभर त्याने जे सांगितलं ते एवढंच : माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांत बघायचं. मान हलवायची. मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचं झालं की त्याचेच शेवटचे शब्द त्याला परत म्हणून दाखवायचे. त्याला वाटतं, आपलं ऐकलं. याला सक्रिय श्रवण म्हणतात. एवढ्यासाठी अख्खा दिवस.

जोडीने सराव झाला. माझ्या वाट्याला हाडांच्या वॉर्डची मेट्रन आली. ती काय बोलली ते आठवत नाही. ट्रेनर म्हणाला, माझी मान उत्तम हलते.

६ मार्च

स्टाफचा आढावा घेतला. नेत्याला आपली माणसं ओळखता आली पाहिजेत.

एक : महाराणी. नाव मी ठेवलंय, अर्थात मनात. तिसरी पाळी तिची. हाताच्या फुगलेल्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या, यात काय मोठं? पण संध्याकाळच्या पेशंटना सुई फक्त तिच्याच हातची लागते. चार नंबर खुर्चीवरचे आजोबा तर ती येईपर्यंत हात पांघरुणात लपवून बसतात. अशा लाडांनीच स्टाफ डोक्यावर बसतो.

दोन : मौनीबाबा. सकाळची पाळी. बोलत नाही. आदर्श कर्मचारी.

दुपारची पाळी दोघं मिळून ओढतात. वेळापत्रक मी स्वतः बसवलंय, तीन रंगांत. ते बघूनच कळतं की इथे कोणीतरी डोकं चालवतंय.

८ मार्च, रविवार

घरी सराव. बायको टाकीच्या गळतीबद्दल काहीतरी सांगत होती. डोळ्यांत बघितलं, मान हलवली, शेवटी म्हटलं, 'प्लंबर येत नाही.' तिने विचारलं, मान अवघडलीये का? मग ती स्वयंपाकघरात गेली. घरच्या माणसांवर तंत्र लवकर लागू पडत नाही. परके बरे.

१० मार्च, संध्याकाळी साडेपाच

महाराणीशी पहिली वन-टू-वन. अतिशय यशस्वी.

ती बरंच बोलली. तपशील घरगुती होते. तिची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. सांभाळणारी बाई सहाला जाते. ही घरी पोचते साडेनऊला. मधल्या वेळात म्हातारी एकटी. हिला सकाळची पाळी हवीय. मौनीबाबा अदलाबदलीला तयार आहे. संध्याकाळच्या पेशंटवर त्याचा हात बसेपर्यंत ती दोन आठवडे थांबून त्याला शिकवेल. अंधार पडला की आई तशीच पडून राहते, कारण तिथून तिचा हात पोचत नाही दिव्याच्या बटणाला.

एक अडचण जाणवली. दोन्ही डोळ्यांत एकदम बघता येत नाही. ट्रेनरने हे सांगितलं नव्हतं. मी डावा डोळा धरला.

तिचं संपल्यावर दोन सेकंद थांबलो आणि शांतपणे म्हटलं, 'दिव्याचं बटण.'

तिने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि उठून पाळीवर गेली. आत कुठेतरी पोचलं असणार.

१३ मार्च

नेत्याचं दार सदैव उघडं असावं. सुताराला बोलावून केबिनचं दार काढायला लावलं. हे दुसऱ्या कुठल्या प्रमुखाला सुचलं नसतं. सुताराने दोनदा विचारलं, नक्की ना? कारागिरांकडून दूरदृष्टीची अपेक्षा नाही.

१४ मार्च

दुपारी जेवणानंतर मी खुर्चीत विचार करतो, तेव्हा डोळे मिटलेले असतात. समोर सहा पेशंट चार-चार तास मशीनला जोडलेले, दुसरं बघायला काही नाही. सगळे माझ्याकडे बघतात. एकाने मावशीला विचारलं, साहेबांना बरं नाही का? मावशी म्हणाल्या, रोजचंच आहे. मावशी लादी पुसतात. मत विचारलं नव्हतं.

पडदा लावून घेतला. जाड.

१८ मार्च

महाराणी परत आली. पडदा बाजूला सारून, उभ्याउभ्याच, हातमोजे न काढता. विषय तोच. आई पुन्हा पडली म्हणाली. काल.

मी सौम्यपणे समजावलं. वेळापत्रकातला एक चौकोन हलवला की सगळी रचना कोसळते. आज हिची आई, उद्या आणखी कोणाचा काका. नियम म्हणजे नियम. त्याऐवजी मी तिला काहीतरी मोठं देऊ केलं : महिन्याची सर्वोत्तम कर्मचारी. फोटो लिफ्टपाशी लागेल.

तिने नुसते हातमोजे ओढून घट्ट केले. म्हणून मीच तंत्र वापरलं. 'आई पुन्हा पडली.'

'हो सर,' ती म्हणाली. 'पडली.'

डोळ्यांत बघत राहिलो. आधी पापणी तिची लवली.

२० मार्च

दोन पाळ्यांच्या मधे, मशीन धुवायला लावलेली असताना, टीम बिल्डिंग घेतलं. प्रत्येकाने दुसऱ्याचा एक गुण सांगायचा. फुगेही आणले होते, मावशींनी फुगवायला नकार दिला. दमा आहे म्हणे.

मौनीबाबाला महाराणीचा गुण विचारला. तो म्हणाला, तिला सकाळची पाळी द्या. हा गुण नाही. पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मूर्ख माणूस. दोन आठवड्यांपूर्वी आदर्श होता.

माझा गुण सांगायची पाळी मावशींवर आली. साहेबांचा आवाज चांगला आहे म्हणाल्या, पलीकडच्या वॉर्डात ऐकू जातो.

एकूण वातावरण मोकळं होतंय. संचालकांना तसा निरोप पाठवला : माणसं बांधली गेली आहेत.

२५ मार्च, संध्याकाळी

महाराणीचा राजीनामा. नोटिशीची मुदत शिल्लक रजेत बसवलीय, त्यामुळे उद्यापासून येणार नाही. दोन गल्ल्या सोडून नवीन डायलिसिस सेंटर निघालंय, तिथे सकाळची पाळी मिळाली.

मी दुखावलो, पण दाखवलं नाही. तिला बसवलं. म्हटलं, तुझ्या मनात काही होतं तर माझ्याशी बोलायचं होतं. दारसुद्धा काढलं मी.

तिने विचारलं, 'मी तुमच्याकडे काय मागितलं होतं, सर?'

हा सापळा होता. पण मी ट्रेनिंग घेतलेला माणूस. क्षणात आठवलं.

'दिव्याचं बटण,' मी म्हटलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती उठली आणि आजोबांना सांगायला गेली. पडद्याआडून दिसलं, आजोबांनी तिचा हात धरून ठेवला होता. नाटकं.

२७ मार्च

तिसरी पाळी बंद. पेशंटना दुसऱ्या हॉस्पिटलची नावं द्यायची असं ठरलं. मी स्वतः यादी घेऊन गेलो. कोणी हातात धरली नाही. आजोबांनी विचारलं, पोरगी कुठे गेली तेवढं सांगा. मी म्हटलं, ही माहिती गोपनीय आहे. मौनीबाबा पुढे आला आणि सगळ्यांना पत्ता सांगितला, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापासून कसं वळायचं इथपर्यंत. एवढं सलग बोलताना त्याला कधी ऐकलं नव्हतं. शिस्तभंग. संचालकांना कळवलं.

संचालक म्हणाले, त्याचं नंतर बघू. आधी तुमचं.

१ एप्रिल, बुधवार

बदली. तळघरातलं स्टोअर. कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं, तारीख बघून. पण ऑर्डरवर सही आहे.

माझ्या हाताखाली कोणी नाही. त्यामुळे पहिला दिवस सुरळीत गेला.

माझ्या वर एक स्टोअरकीपर आहे. माझा साहेब म्हणे. दहावी झालाय की नाही कोण जाणे. कानाला पेन्सिल.

३ एप्रिल

मला दुपारची पाळी लावलीय. घरी पोचायला नऊ होतात, जेवण उशिरा, रात्रभर पित्त. आज स्टोअरकीपरला सांगायला गेलो. आधी प्रकृतीची पूर्ण पार्श्वभूमी देणार होतो, तयारी करून गेलो होतो.

तो सलाईनचे खोके मोजत होता. माझ्याकडे बघितलंही नाही. मान हलवली नाही. मी दुसऱ्या वाक्यावर असतानाच मध्ये तोंड घातलं.

'मग उद्यापासून सकाळी या,' म्हणाला, आणि मोजणी चुकली म्हणून खोके पहिल्यापासून मोजायला लागला.

ऐकून घ्यायची पद्धतच माहीत नाही या माणसाला.