बूट घालूनच मशीन हलवावे

मी, संदेश वामन कोळंबकर, वय ४६ वर्षे, वाणिज्य पदवीधर, धंदा गेमची मशीन भाड्याने देणे, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि डॉक्टर दिवाळीच्या पुढचे काही बोलत नाहीत. मन ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हे तीन वर्षांपूर्वीच लिहून झाले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. कोपरची सदनिका, बँकेतील शिल्लक आणि विम्याची रक्कम माझी पत्नी कल्पिता हिला मिळावी. तिच्या पश्चात आमची मुलगी कृतिका हिला. माझ्या रोजनिशीच्या बावीस वह्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. कृतिकेने त्या ठेवाव्यात किंवा रद्दीत घालाव्यात, माझी हरकत नाही. २०२२ची वही मात्र कलम ५ चा पुरावा म्हणून जपावी.

२. टेंभी नाक्याच्या आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमधले मारामारीच्या गेमचे जुने मशीन माझा धाकटा भाऊ सुशांत याला द्यावे. वडिलांनी आम्हा दोघांना त्याच मशीनवर शिकवले. सुशांतने पार्लरची जागा मला न विचारता काढून टाकली, हे मी विसरलेलो नाही. आईच्या तेराव्याला पंगतीत तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला होता, "दादाचं काय, डबे ढकलतो." त्यातला एक डबा आता त्याने ढकलावा. हे लिहून वाचून पाहिले, क्षुद्र वाटले. तरी खोडत नाही, कारण मशीन त्यालाच मिळावे असे मला खरेच वाटते. लहानपणी तो त्यावर मला कधी हरवू शकला नाही, आणि हरल्यावर कधी रडलाही नाही.

३. सुशांतच्या घोडबंदर रोडच्या घरात लाकडी जमीन आहे. मशीन दीडशे किलोच्या आसपास भरते, म्हणून ते पुढीलप्रमाणेच न्यावे. आधी जमीन झाडून पुसून घ्यावी. वाळूचा एक कण चाकाखाली आला तर खोलीभर रेघ उमटते. दारापासून ठेवायच्या जागेपर्यंत प्लायचे तक्ते अंथरावेत, सांधे चिकटपट्टीने जोडावेत, पण पट्टी लाकडाला लावू नये, पॉलिश निघते. जुन्या मशीनची पिक्चर ट्यूब वरच्या बाजूला असते, त्यामुळे ते वाटते त्याहून लवकर कलंडते. रबरी चाकांची ट्रॉली, दोन पट्टे आणि तीन माणसे लागतात. प्लाय वेळेवर आला नाही तर थांबावे. गोधडीवर ठेवून ओढू नये. आणि मशीन हलवणाऱ्या प्रत्येकाच्या पायात बूट असावेत. जमिनीला डाग पडला तर पडू द्यावा.

४. टेम्पो, ट्रॉली, पट्टे, प्लाय आणि चालू धंदा दिपेशला द्यावा. तो माझ्याकडे नऊ वर्षे कामाला आहे. दसऱ्याला ट्रॉलीला न चुकता हार घालतो, चाकांना तेल मात्र घालत नाही. ते घालावे. पोलिसांपुढे तो जे बोलला, ते मी सांगितले म्हणून बोलला. त्याचा दोष माझ्याकडे धरावा.

५. दिनांक १४ मे २०२२ रोजी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मुलांच्या सुट्टीतल्या कार्यक्रमासाठी आम्ही चार मशीन पोहोचवत होतो. मी, दिपेश आणि माझा जुना सहकारी पोपट सीताराम शिंगोटे, वय ५२. प्लायचा टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आदल्या दिवशी नव्या लाकडी जमिनीचे फोटो काढून मला पाठवले होते आणि ते स्वतः दारात उभे होते.

पोपट म्हणाला, "शेठ, थांबू जरा. प्लाय येऊ दे."

मी थांबलो नाही. पोपटच्या पत्नी मालनबाई आम्हाला जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देत. त्यातली एक पहिल्या मशीनखाली घातली. पोपटच्या बुटांचे तळवे काळे होते. सेक्रेटरींनी बुटांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. वही उघडून मी हे पुन्हा पुन्हा तपासले आहे. बोललो मी.

"पोपट, बूट काढ."

"मोज्यात पाय सरकतो, शेठ."

"देवळात नाही का काढत? काढ."

"देवळात मशीन नाय उचलत आपण," तो हसून म्हणाला, आणि काढले. बूट त्याने दाराबाहेर जोडून ठेवले.

दारातल्या पितळी पट्टीला गोधडी अडकली. मशीन पुढे कलले. पोपट पुढून ओढत होता. तो पाय रोवायला गेला आणि पायच निसटला. मशीन त्याच्या छातीवर आले.

दिपेश पहार घेऊन धावला. ती मशीनखाली घालणार, एवढ्यात मी म्हणालो, "पहारीखाली गोधडी घाल, लाकूड फुटेल." दिपेशने माझ्याकडे पाहिले आणि दुसरी गोधडी आणून घातली. त्यात किती वेळ गेला हे मी किती वेळा मोजले असेल. कधी चार सेकंद येतात, कधी वीस. तेवढ्याने पोपट वाचला असता का, हे मी दोन डॉक्टरांना परक्याची गोष्ट म्हणून विचारले. दोघेही म्हणाले, सांगता येत नाही. रुग्णालयात पोहोचण्याआधीच तो गेला.

जबाबात मी सांगितले की पोपटने बूट आपणहून काढले, मी नको म्हणत होतो. मृताचा निष्काळजीपणा, असे कागदावर आले. मालनबाई आणि त्यांची मुलगी शिवानी आजवर तेच खरे धरून आहेत. शिवानी एकदा माझ्यादेखत बापाच्या फोटोला म्हणाली, "काय गरज होती रे बाबा तुला?" मी तेव्हा त्यांच्याकडे चहा पीत होतो. चहा संपवला.

जमिनीवर ओरखडा उठला नाही. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी तसा मेसेज पाठवला.

मी आणि दिपेश सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब देणार आहोत. माझ्याने जाणे झाले नाही तर हे कलम हाच माझा जबाब समजावा.

६. पोपटचे सगळे क्रियाकर्म मी उभे राहून केले, म्हणून त्या वर्षापासून मालनबाई मला भाऊबीजेला ओवाळतात. तीन वर्षे मी त्यांच्या पाटावर बसलो. डोंबिवली पूर्वेचा माझा गाळा मालनबाई आणि शिवानी यांना द्यावा. ही ओवाळणी नव्हे, भरपाईही नव्हे. काय आहे ते मला लिहिता येत नाही.

७. इथवर लिहून मी थांबलो होतो. हे मी गेल्यावर वाचले जाईल, म्हणजे मालनबाईंच्या समोर बसावे लागणार नाही, आणि मला नेमके तेच हवे होते, हे लक्षात आले. म्हणून काल सकाळी त्यांना आणि दिपेशला घरी बोलावले आणि कलम ५ मोठ्याने वाचले.

मालनबाईंनी मला काही विचारले नाही. दिपेशला विचारले, "पहारीखाली कंची गोधडी घातली?"

"हिरवी, वहिनी. जरीच्या काठाची."

"लग्नातली साडी व्हती ती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बूट मागितले. ते मी खोक्यात ठेवले होते. त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिला. "नाड्या सोडून काढलेत. घरी कधी सोडायचे न्हाईत, टाचेनं ढकलून द्यायचे. तुमचा शब्द म्हणून नीट काढले."

कल्पिताने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. साक्षीदार कोण, असे विचारले. मी म्हणालो, शेजारच्या डॉ. रुपाली केणे आहेत, दुसरे अजून ठरायचे आहे. "मी करते सही." ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी सांगितल्याचे मी बोललो.

"मग माझं नाव काढा त्यातनं. शिवानीचं शिवानी बघंल. ऐकलंय मी, तर सही मीच करणार."

म्हणून कलम ६ मधला गाळा एकट्या शिवानीला द्यावा. तिने नाकारला तर कल्पिताने तो विकू नये, तिला पुन्हा विचारावे. बूट मालनबाईंनी नेले आहेत.

दारात चपला घालताना त्या म्हणाल्या, "भाऊबीजेला यंदा येऊ नका. सहीला उद्या मी येते."

त्या आल्या आहेत. समोर बसल्या आहेत. सही करतो.

संदेश वामन कोळंबकर

आम्हा दोघींच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. डॉ. रुपाली केणे
२. मालन पोपट शिंगोटे

ठिकाण: कोपर, डोंबिवली पश्चिम
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५